काटा आणि निकाल
ग्राहक संरक्षणाच्या सरकारी कामात नव्याने येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

हाजिऱ्याहून पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ साकोली सोडून देवरीकडे निघाला की वाटेत कोहमारा लागते. जुनी माणसे या रस्त्याला अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव. इथून एक रस्ता गोरेगावमार्गे गोंदियाला जातो, दुसरा नवेगावबांधवरून अर्जुनी मोरगावकडे. रायपूरकडून आलेला ट्रकचालक या चौकात डिझेल भरतो, पाण्याची बाटली घेतो, जेवतो आणि पुढे निघतो. आसपासच्या खेड्यांतला शेतकरी याच चौकात खत, बियाणे, किराणा घेतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दुकानात येतो, कारण त्याची उधारी तिथे असते. ट्रकचालकाला माप कमी मिळाले तर तो भांडत बसत नाही. गाडी वेळेवर पोचवायची असते. शेतकऱ्याला कमी मिळाले तर तोही भांडत नाही. उद्या पुन्हा त्याच दारात उभे राहायचे असते. एक जाणारा म्हणून गप्प, दुसरा राहणारा म्हणून गप्प.

ग्राहक संरक्षणाच्या क्षेत्रात तुमचे स्वागत करताना या दोघांची ओळख आधी करून द्यावीशी वाटते, कारण या विषयावरच्या ग्रंथांत ते फारसे भेटत नाहीत. तिथे भेटतो तो तक्रारदार. त्याने पावती जपून ठेवलेली असते, नोटीस पाठवलेली असते, तारखांना तो हजर राहिलेला असतो आणि त्याचा निकाल छापून आलेला असतो. आपल्याकडचा ग्राहक कायद्याचा बहुतेक अभ्यास अशा निकालांवर उभा आहे. त्यात वावगे काही नाही. पण सरकारी यंत्रणेत काम करणाऱ्याची नोकरी मुख्यतः अशा लोकांसाठी असते, जे कधीच तक्रार करणार नाहीत. निकाल वाचून त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. त्यासाठी काट्यापाशी जावे लागते, आणि हे पुस्तक तिथूनच सुरू होते.

कायद्याने ग्राहकाला दोन दारे दिली आहेत. पहिले आयोगाचे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशी तीन पायऱ्यांची रचना उभी केली. त्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबर १९८६ रोजी मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि जिल्हा ‘मंच’ जिल्हा ‘आयोग’ झाला. आज मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. नव्या कायद्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल दिसायला अगदी साधा आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात त्याला दाद मागता येते. पूर्वी कंपनीचे कार्यालय कुठे, शाखा कुठे, व्यवहार कुठे झाला, यावर महिनेच्या महिने खल व्हायचा. आता कोहमाऱ्याच्या माणसाने बंगळुरूच्या कंपनीकडून फोन मागवला असला तरी तो गोंदियाच्या आयोगात जाऊ शकतो. अपील नागपूरच्या खंडपीठापुढे चालते. तीन महिन्यांत निकाल आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असे कायदा म्हणतो. ही मुदत क्वचितच पाळली जाते, हे या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्याच दिवशी ऐकून ठेवावे.

दुसरे दार यंत्रणेचे. इथे कोणी येण्याची वाट पाहायची नसते. उठून जायचे असते. वैध मापनशास्त्राचा निरीक्षक, अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी, कृषी खात्याचा बियाणे व खत निरीक्षक ही माणसे कोणाचीही तक्रार नसताना दुकानात शिरू शकतात, नमुना घेऊ शकतात, माल जप्त करू शकतात. २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही याच दाराचे: फसव्या जाहिराती आणि अनेक ग्राहकांना एकाच वेळी नडणाऱ्या प्रथा हे त्याचे क्षेत्र. जिल्हाधिकाऱ्यालाही २०१९ च्या कायद्याने अशा सामूहिक प्रकरणांची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवण्याचा अधिकार दिला आहे. विद्यार्थ्यांनी ते सोळावे कलम सावकाश वाचावे. जिल्हा पातळीवर त्यातून पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे.

ही दोन दारे मुळात वेगळी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष आहे आणि बाजारपेठेवर देखरेख करणारा संस्थाध्यक्षही आहे. व्यापाऱ्यांपासून लोकांचे रक्षण कसे करावे यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात कोणी येऊन गाऱ्हाणे घालण्याची अट नाही, अधिकाऱ्याने स्वतः तराजू पाहायचा आहे. गोंदियाच्या वाचकाला त्या ग्रंथातला आणखी एक तपशील आवडेल. प्रमाण वजने लोखंडाची किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची असावीत, असे तिथे म्हटले आहे. ओलीने वाढू नयेत, उन्हाने घटू नयेत म्हणून. मेकल म्हणजे मैकलचा डोंगर, आपल्या शेजारच्या बालाघाटातून अमरकंटकाकडे गेलेला. बाजारातल्या दगडाच्या वजनांना निरीक्षक आज हरकत घेतो, पण प्रमाण वजनाचा दगड एके काळी इथूनच फार लांब नसलेल्या डोंगरातून जात होता. ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने वजनमाप निरीक्षक नेमले गेले आणि पुढे त्यांच्याच खात्याचा विस्तार होत ग्राहक संरक्षणाची स्थानिक यंत्रणा तयार झाली. आपल्याकडे मात्र वजनमापे एका वाटेने गेली आणि ग्राहक चळवळ दुसऱ्या.

वजनमापांची वाट १९५६ च्या कायद्यापासून मोजता येते. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि शेर, मण, तोळे कागदावरून गेले. झाडीपट्टीत पायली, कुडो आणि खंडी मात्र लोकांच्या तोंडातून गेली नाहीत. धानाचा हिशेब आजही अनेक घरांत खंडीत होतो. १९७६ चा कायदा, मग २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा, तो १ एप्रिल २०११ पासून अमलात, अशी ही साखळी. दुसऱ्या वाटेवर १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभी राहिली, १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. ग्राहकांनी एकत्र येऊन माल थेट मागवायचा आणि वाटून घ्यायचा, ही महाराष्ट्राने या चळवळीला दिलेली खास देणगी. त्या पिढीचा भर शहरी मध्यमवर्गावर होता, हे खरे आहे आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. संघटना जिथे माणसे भेटतात तिथेच उभ्या राहतात. पण त्यामुळे या विषयाचे वाङ्मय फ्लॅट, फ्रीज, विमा आणि रुग्णालय यांनी भरून गेले. धानाचा काटा त्यात कुठेतरी कोपऱ्यात राहिला.

म्हणून धानाच्या काट्याकडे जरा जवळून पाहू. गोंदियाचा धान हंगामात दोन प्रकारे विकला जातो: व्यापाऱ्याला, नाहीतर आधारभूत खरेदी केंद्रावर. दोन्हीकडे प्लॅटफॉर्मचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. निरीक्षक आला की तो आधी आकड्यांकडे पाहत नाही, खाली वाकून काट्याच्या पायांकडे पाहतो. काट्याला समतल दाखवणारा पाण्याचा बुडबुडा असतो. तो वर्तुळाच्या मध्ये नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. अंगणातल्या ओबडधोबड जमिनीवर एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवलेला काटा खोटा असेलच असे नाही, पण त्याच्यावर विश्वासही ठेवता येत नाही. मग रिकाम्या काट्यावर शून्य येते का ते पाहायचे. मग स्वतःबरोबर आणलेली २० किलोची प्रमाण वजने एकेक करून चढवायची आणि तशीच उतरवायची; चढताना आणि उतरताना आकडा सारखा आला पाहिजे. शेवटी तेच वजन चारही कोपऱ्यांवर एकेकदा ठेवायचे. मध्यभागी इमानदार असलेला काटा कोपऱ्यात गडबडतो, आणि घाईच्या दिवशी पोते कोपऱ्यावरच आदळले जाते.

यानंतर बारदान. रिकामे पोते काट्यावर ठेवून ‘टेअर’ची कळ दाबली तर पोत्याचे वजन आपोआप वजा होते. ती कळ दाबायला दोन सेकंद लागतात. तरीही बारदानाची कपात अंदाजाने करायची प्रथा ठिकठिकाणी दिसते, आणि तो अंदाज नेहमी एकाच बाजूला झुकलेला असतो. ४० किलोच्या पोत्यामागे दोनशे ग्रॅम जास्त गेले तर शेतकऱ्याला ते दिसत नाही. शंभर पोत्यांमागे अर्धे पोते गेले, हे हिशेब मांडल्यावर दिसते. त्यात ओलाव्याची भर. आधारभूत खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. तो यंत्राने मोजला तर एक गोष्ट, मुठीत दाणे घेऊन ‘ओला आहे’ म्हटले तर दुसरी.

इथे विद्यार्थ्याला एक कायदेशीर पेच लक्षात आला पाहिजे. धान विकणारा शेतकरी त्या व्यवहारात ग्राहक नाही; तो विक्रेता आहे. काट्यात मारले म्हणून तो आयोगात गेला तर त्याची तक्रार दारातच अडखळेल. पण वैध मापनशास्त्र कायदा कोण विकतो, कोण घेतो हे विचारतच नाही. काटा खोटा असेल तर खोटा. निकालांच्या दाराशी ज्याला जागा नाही, त्याला यंत्रणेच्या दाराशी आहे. रानातून मोहफूल किंवा बेहडा वेचून आठवडी बाजारात आणणाऱ्या बाईचेही तेच: तराजू घेणाऱ्याचा, माल तिचा. ‘ग्राहक’ संरक्षण हे नाव या कामाला तोकडे पडते, असे माझे मत आहे. बाजारात जो दुबळा, त्याचे ते संरक्षण आहे, मग तो पैसे देणारा असो वा घेणारा. उलटही घडते. किराणा दुकानदाराने पोटापाण्यासाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक काटाच सदोष निघाला तर तोच दुकानदार ग्राहक म्हणून आयोगात उभा राहू शकतो. उपजीविकेसाठी, स्वतः चालवण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, हे १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालापासून स्पष्ट आहे.

निरीक्षकाच्या पिशवीतल्या त्या २० किलोच्या वजनामागे केवढी मोठी परंपरा आहे, हे नव्या माणसाला सहसा सांगितले जात नाही. दुकानदाराचे वजन निरीक्षकाच्या कार्यमानकाशी ताडले जाते, ते कार्यमानक दुय्यम मानकाशी, दुय्यम मानक संदर्भ मानकाशी. आणि शेवटी सगळे जाऊन पोचते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, जिथे आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे तर प्लांकच्या स्थिरांकावर बेतली आहे. या साखळीतली एक प्रादेशिक प्रयोगशाळा आपल्या नागपुरातही आहे. नव्या निरीक्षकाला शिक्षणासाठी रांचीच्या भारतीय वैध मापनशास्त्र संस्थेत जावे लागते. तिथे तो भौतिकशास्त्र शिकतो आणि परत आल्यावर बाजारात माणसे शिकतो. दुसरा अभ्यासक्रम लांब आहे.

रस्त्यावरच्या ग्राहकाबद्दल थोडक्यात. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाण माप ठेवणे बंधनकारक आहे, आणि ग्राहकाने मागितले तर त्यात इंधन मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य. मागे हॉर्न वाजत असताना ते माप मागणारा ट्रकचालक विरळा. पाण्याच्या बाटलीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. दुकानातून बाटली विकत घेतली तर छापील किमतीवर ‘थंड केल्याचे’ दोन रुपये घेता येत नाहीत. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंटच्या बाबतीत वेगळा कौल दिला: टेबलावर बसून जेवणाऱ्याला दिलेली बाटली ही निव्वळ विक्री नसून सेवेचा भाग आहे, त्यामुळे तिथे छापील किमतीचे बंधन त्याच रीतीने लागू होत नाही. आता कोहमाऱ्याच्या ढाब्याकडे पाहा. पुढे फळीवर बाटल्या मांडलेल्या, मागे खाटा टाकलेल्या. एकच बाटली फळीवरून उचलली तर विक्री, खाटेवर मागवली तर सेवा. निकालात ही सीमारेषा सरळ दिसते. ढाब्यावर ती कुठून जाते हे तिथे उभ्या असलेल्या निरीक्षकाला ठरवावे लागते. मला स्वतःला तो निकाल पटलेला नाही, पण तो शिकवायला उत्तम आहे.

निकालांचे ऋण नाकारण्याचा माझा हेतू नाही. बियाण्यांच्या बाबतीत तर एका निकालाने शेतकऱ्याची बाजूच पालटली. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, आणि बियाणे कायदा अस्तित्वात आहे म्हणून ग्राहक कायद्याचे दार बंद होत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की सदोष वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, या अटीचा कंपन्या जो आधार घेत, तो न्यायालयाने काढून घेतला. शेतकरी सगळे बियाणे पेरतो. पुढे खटला होईल म्हणून कोणी मूठभर बाजूला ठेवत नाही. मग पुरावा कशाचा? इथे पुन्हा यंत्रणाच येते. तालुका तक्रार निवारण समिती शेतावर जाते, रोपे मोजते, भेसळीची किंवा न उगवल्याची टक्केवारी काढते आणि पंचनामा करते. आयोगात पुढे जो निकाल लागतो, त्याचा पाया बहुधा या दोन पानी कागदात असतो. पंचनाम्यात कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावल्याची नोंद नाही, गट क्रमांक चुकला, लॉट नंबर लिहायचा राहिला, जमीन आणि पाणी यांचा उल्लेखच नाही, अशा कारणांनी खरी प्रकरणे कोसळतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आपण युक्तिवाद शिकवतो, पंचनामा लिहायला शिकवत नाही. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्यावरच आहे, आणि ते कंटाळवाणे वाटले तरी सोडू नये.

या नोकरीची अडचणही सांगितली पाहिजे. चौक लहान असतो. निरीक्षकाची गाडी एका दुकानापुढे थांबली की बाकीच्या काट्यांखालच्या विटा निघतात. जो दुकानदार चहा पुढे करतो, तोच कदाचित खरोखर सज्जन असतो, आणि तरी चहा नाकारावा लागतो. बहुतेक गुन्हे तडजोड शुल्क भरून मिटतात; कायद्यात तशी सोय आहे आणि न्यायालयांवरचा भार पाहता ती असायलाही हवी. पण ज्याला त्या शुल्कापेक्षा हंगामातला नफा मोठा आहे, त्याच्या लेखी तो दंड नसून खर्च असतो. दुसरीकडे एकट्या तराजूवर भाजी विकणाऱ्या बाईला तेच शुल्क जड जाते. कायदा दोघांना सारखा लागू करायचा की दोघांकडे सारखे पाहायचे नाही, हा प्रश्न कोणत्याही परिपत्रकात सुटलेला नाही. अनुभवी अधिकारी छोट्याला आधी मुद्रांकनाची तारीख समजावतात आणि मोठ्याकडे न सांगता जातात. नियमाच्या दृष्टीने हे कितपत बसते यावर वाद होऊ शकतो. तो वाद आम्ही मुद्दाम एका प्रकरणात मांडला आहे.

फोनवरच्या बाजाराला या प्रस्तावनेत मी कमी जागा देतो आहे. तो महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत म्हणून. प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये संकेतस्थळांवरच्या तेरा फसव्या मांडण्यांची यादी जाहीर केली: ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत, न मागता टोपलीत पडलेली वस्तू. वाचताना लक्षात येईल की यातली एकही युक्ती आठवडी बाजाराला नवी नाही. नवे आहे ते अंतर. दुकानदार समोर नाही, त्यामुळे उधारीची आणि ओळखीची भीडही नाही, आणि ज्या शेतकऱ्याने चौकातल्या दुकानदाराविरुद्ध कधी तोंड उघडले नसते, तोच १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून परतावा मागतो. राहणाऱ्याची अडचण अशी अनपेक्षितपणे सैल झाली आहे. अभ्यासकांनी यावर नजर ठेवावी.

पुस्तकाचा क्रम समजून घ्या. कायद्यांचा इतिहास आणि आयोगांची कार्यपद्धती तिसऱ्या भागात आहे. घाईने तिकडे वळू नये. पहिला भाग काट्यावरच्या मुद्रांकनापासून सुरू होतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी, साध्या वजनांची दर चोवीस महिन्यांनी करावी लागते. सीलवर वर्ष आणि तिमाहीचे अक्षर ठोकलेले असते, ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘डी’ म्हणजे वर्षाची शेवटची तिमाही. कोणत्याही दुकानात, काही न विचारता, ते वाचता येते. पहिल्या प्रकरणाचा स्वाध्याय एवढाच आहे: आपल्या गावातल्या पाच काट्यांची सीले वाचून वर्ष आणि अक्षर वहीत उतरवा, प्रमाणपत्र भिंतीवर लावले आहे का ते पाहा, आणि आकडे दाखवणारा पडदा दुकानदाराकडे वळलेला आहे की गिऱ्हाइकाकडे, हेही लिहा. दुसरे प्रकरण त्या नोंदींवरून पुढे जाते.